मागची रांग

गाण्याच्या बाईंना आयुष्यात काही मिळालं नाही असं कुणी म्हणालं असतं, तर बाईंनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. मिळालं की. तेहेतीस वर्षं एकाच शाळेत पाच ते आठ वर्षांच्या पोरांना गाणं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आणखी तेरा वर्षं घरच्या पुढच्या खोलीत. बाजारात निघाल्या की पोस्टाच्या खिडकीमागचा टक्कल पडलेला माणूस, दातांची डॉक्टरीण, कोपऱ्यावरचा कुलपं दुरुस्त करणारा, अशी घोड्यासारखी वाढलेली माणसं त्यांना बघून आपोआप पाठ ताठ करायची. पाठ वाकडी तर सूर वाकडा, हे त्यांच्या मणक्यांतच बसलं होतं. बाई नुसती मान हलवून पुढे जायच्या. घरी आल्यावर मात्र कोण कोण भेटलं हे लेकीला दोनदा सांगायच्या.

पण बाईंच्या लेखी खरं बक्षीस हे नव्हे. एखादं पोर महिनोन् महिने सुराच्या आजूबाजूने धडपडत असतं, कधी वर तर कधी खाली. मग एके दिवशी ध्यानीमनी नसताना ते नेमकं सुरावर उतरतं. उतरलं की दचकतं. गाणं थांबवून मागे वळून बघतं, हा आवाज आपलाच का म्हणून. तो दचकलेला चेहरा बघण्यासाठी बाईंनी शेचाळीस वर्षं घसा कोरडा केला, आणि त्यांना विचाराल तर सौदा महाग पडला नाही.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. नवीन पोर आलं की पहिल्या दिवशी गाणंबिणं काही नाही. त्याला समोर उभं करायचं, त्याचीच दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवायची आणि म्हणायचं, "आतली मधमाशी शोध." पोर कुजबुजलं की बोटांना काही लागायचं नाही. 'आ' केला की गळा थरथरायचा. "सापडली?" पोराचे डोळे बशीएवढे. "आता तिला उडू द्यायची नाही." एवढ्यावर पहिला धडा संपायचा. पोरं दिवसभर स्वतःच्या, भावंडांच्या, मिळालं तर मांजराच्या गळ्याला बोटं लावत फिरायची.

याच मधमाशीची दुसरी बाजू सांगायला जीव नको म्हणतो, पण ती सोडली तर बाई अर्ध्याच कळतील. शाळेत दर वर्षाच्या शेवटी गाण्याचा कार्यक्रम व्हायचा. साठ-सत्तर पोरं, समोर आईबाप, पहिल्या खुर्चीत मुख्याध्यापक. महिनाभर आधी बाई एकेकाला पियानोजवळ बोलावून गाऊन घ्यायच्या. ज्यांचा सूर लागायचा नाही अशी आठ-दहा पोरं निघायचीच. ती मागच्या रांगेत. मागच्या रांगेने उभं राहायचं, हसायचं, शब्दांबरोबर ओठ हलवायचे आणि आवाज काढायचा नाही. तालमीच्या वेळी बाई मागून फिरायच्या आणि एकेकाच्या गळ्याला दोन बोटं लावून बघायच्या. मधमाशी लागली की कानाशी वाकून हळूच म्हणायच्या, "राजा, नुसते ओठ." कधी मारलं नाही, कधी आवाज चढवला नाही. त्यांना तो दयाळूपणा वाटायचा. पोराला कार्यक्रमातून काढून तर टाकलं नाही ना. आईबापांना खालून काय कळतंय.

या रांगेबद्दल बाईंचा एक ठरलेला किस्सा होता. त्यांची एकुलती एक लेक सात वर्षांची असताना त्यांच्याच वर्गात होती. त्या वर्षी घुबडाच्या चष्म्याचं गाणं होतं, बाईंनी स्वतः रचलेलं. घुबडाचा चष्मा हरवतो, ते रानभर शोधतं आणि तिसऱ्या कडव्यात तो त्याच्याच नाकावर सापडतो. चाल बाईंनी रविवारी घरच्या पियानोवर बसवली होती आणि लेक तेव्हा पियानोखाली बाहुली घेऊन बसलेली असायची. शाळेत तिची पाळी आली. तिने तोंड उघडलं आणि सूर पियानोच्या वर. बाईंनी परत वाजवलं, ती परत वर. तिसऱ्यांदा तेच. बाई म्हणाल्या, "अगं, ऐक तरी." तर पोरगी सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "आई, तुझा पियानोच चुकतोय."

वर्ग हसला, बाई हसल्या. लेक मागच्या रांगेत गेली आणि पुढची दोन वर्षं तिथेच राहिली. "माझी मुलगी म्हणून सूट नाही," असं बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या आणि त्याचं फार कौतुक झालं होतं. तेव्हापासून एकेचाळीस वर्षं हा किस्सा त्यांनी पाहुण्यांना, पालकांना, निरोप समारंभात भरल्या सभागृहाला सांगितला. 'पियानोच चुकतोय' ला हमखास हशा यायचा. लेक कधी खोलीत असली तर तीही हसायची.

तसं घरी गाणं नव्हतंच. दिवसभर साठ पोरं ऐकून बाईंचे कान किटलेले असायचे. घरात कुणी गुणगुणायचं नाही, हा नियम. नवऱ्याने तो पाळला आणि लवकर मरून गेला. लेकीने तर नियमावरही वरताण केली. ती अठ्ठेचाळीस वर्षांची झाली, तिने लग्न केलं नाही, आईजवळ राहिली, आणि तिला गाताना, नुसतं गुणगुणतानाही कुणी ऐकलं नाही.

ती पंख्यांच्या कारखान्यात कामाला होती. तपासणीच्या खोलीत. समोरून फिरत्या मोटारी सरकत जायच्या आणि हिने कान देऊन ऐकायचं. जिच्या आवाजात खोट तिच्यावर खडूने फुली. यंत्रही होतं तिथे, पण यंत्राने सोडलेली खोट ही पकडायची. चोवीस वर्षांत हिने पास केलेला पंखा परत आला नाही, असं तिचे साहेब एकदा घरी येऊन सांगून गेले. साहेब गेल्यावर बाई म्हणाल्या, "चांगलंच आहे. पण पंख्याचा आणि सुराचा काय संबंध?" लेक म्हणाली, "तसा काही नाही," आणि कप उचलून आत गेली.

बाई सत्तरीच्या झाल्या आणि कानांनी दगा दिला. आधी दाराची घंटा गेली, मग भांड्यांचे आवाज गेले. बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्या म्हणायच्या. मग एका बुधवारी वर्गात एका चिमुरडीने गाणं चांगलंच खाली घसरवत नेलं आणि बाईंनी तिची पाठ थोपटली. शेजारच्या पोराने अगदी बरोबर गायलं, त्याला परत म्हणायला लावलं. पोरं खुदखुदली. आत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या लेकीने ते ऐकलं. पुढच्या आठवड्यात तिने आईला कानाच्या दवाखान्यात नेलं.

काचेच्या खोलीत कानांवर जाडजूड हेडफोन चढवून बाईंना बसवलं. कान तपासणारा चाळिशीचा माणूस म्हणाला, "आवाज आला की बोट वर करा." बाई बोट वर करायला टपून बसल्या. बराच वेळ काही नाहीच. त्या चिडून म्हणाल्या, "सुरू करा की." काचेपलीकडे त्या माणसाने मान खाली घातली. त्याने सुरू करून चार मिनिटं झाली होती.

सगळं आटोपल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, ओळखलं नाहीत. मी तुमच्या मागच्या रांगेतला."

"मग ओठ छान हलवत असशील," बाई म्हणाल्या.

"अजून हलवतो. पोरांच्या वाढदिवसालाही आवाज काढत नाही. सवयच लागली." तो मनापासून हसला. बाईही हसल्या. लेक भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचत होती.

उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा निम्मा, आणि तोही चाललेला. यंत्र लावलं तर आवाज मोठा होईल, पण सूर कळेलच असं नाही. वर्षभर धरून चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येताना बसमध्ये बाई एकच वाक्य बोलल्या, "मी वर्ग सोडणार नाही."

पुढच्या वर्गाला लेक हातात उसवलेला सदरा आणि सुई घेऊन पोरांच्या मागे स्टुलावर येऊन बसली. पोर वर गेलं की ती अंगठा जरासा वर करायची, खाली गेलं की खाली. नीट असलं की सुई चालू. बाईंचा पारा चढला. पोरं गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुला काय कळतं त्यातलं?"

"जे कळतं ते दाखवते. तुला नको असेल तर उठून जाते."

बाईंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्टूल पुढे सरकवून ठेवलं. आईलेकींत यालाच तह म्हणतात. महिनाभरात बाईंच्या एक लक्षात आलं, की अंगठा चुकत नाही. पोरांच्या चेहऱ्यांवरून त्या पडताळून बघायच्या. दचकलेला चेहरा यायचा तेव्हा अंगठा नेहमी शांत असायचा. यावर लेकीशी बोलावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची.

मग लेकीनेच पियानो जुळवणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. वरचे सूर उतरलेत, म्हणाली, ऐकवत नाही. मिस्त्री ऐंशीच्या घरातले, हात अजून स्थिर. शाळेचा पियानोही वर्षानुवर्षं तेच बघायचे. त्यांनी पियानोची पुढची फळी काढली, पिशवीतून सूर लावायचा दोन पायांचा पोलादी काटा काढून गुडघ्यावर आपटला आणि पियानोच्या लाकडाला टेकवला.

स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "मिस्त्रीकाका, हा तुमचा जुना काटा नाही. हा केसभर वर आहे."

मिस्त्री काटा धरून तसेच बसले. जुना काटा तीन वर्षांपूर्वी हरवला होता. लेकीने तो शेवटचा ऐकल्याला सहा वर्षं झाली होती. त्यांनी तिला बाहेर बोलावलं, पियानोकडे पाठ करून उभं केलं आणि एकेक पट्टी दाबली. ती न वळता सांगत गेली. त्यांनी एकदम चार दाबल्या, तिने चारही सांगितल्या. त्यांनी पेल्यावर चमचा वाजवला. "डावीकडून सव्विसावी पांढरी. थोडी उतरलेली," ती म्हणाली, आणि हात पुसत परत आत निघाली.

"असा कान मी उभ्या आयुष्यात दुसरा बघितला नाही," मिस्त्री बाईंसमोर तोंड आणून मोठ्याने म्हणाले. समोरून बोललेलं बाईंना अजून कळायचं. "तुम्ही शिकवलंत हिला?"

"मी मागच्या रांगेत होते, काका," लेक दारातून म्हणाली.

आणि बाईंनी सवयीने किस्सा सुरू केला. जिभेला वळणच पडलं होतं. घुबडाचं गाणं, सात वर्षांची पोर, परत वर, परत वर, आणि मग सगळ्या वर्गासमोर, "पियानोच चुकतोय." बाई हशासाठी थांबल्या. मिस्त्री हसले नाहीत.

"कुठल्या साली हे?"

"सभागृहाची भिंत नवी बांधली त्या साली."

मिस्त्रींनी काटा फडक्यात गुंडाळला, परत उलगडला. "बाई, तो पियानो त्या वर्षी अर्धा सूर खाली होता. ओल्या भिंतीला ठेवला होता, तारा गंजल्या होत्या. ओढल्या असत्या तर तुटल्या असत्या. म्हणून मी सगळाच सारखा खाली आणून बसवला. आपल्या आपल्यात जुळलेला, पण खाली. पुढची तीन वर्षं तसाच होता. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बरंच झालं, पोरांना वरचा सूर सोपा जाईल."

बाईंना ते आठवलं. हेच तर वाईट झालं. विसरल्या असत्या तर सुटका होती. मिस्त्री पायऱ्यांवर उभे होते, बाईंच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता, आणि त्या असंच म्हणाल्या होत्या. गाणाऱ्याला काय, पियानो आपल्या आपल्यात जुळलेला असला की तो त्याच्याबरोबर खाली उतरतो आणि उतरल्याचं त्याला कळतही नाही. वर्गातली साठ पोरं उतरली, बाई उतरल्या. पियानोखाली बसून खरा सूर ऐकलेली एकटी पोरगी उतरली नाही. ती तीन वेळा खरं गायली, चौथ्यांदा तोंडाने सांगितलं, आणि तिला गप्प बसवून वर त्याचा विनोद केला. तो विनोद एकेचाळीस वर्षं तिच्या देखत सांगितला.

मिस्त्रींनी पियानो जुळवला आणि चहा न घेता गेले. बाई स्वयंपाकघरात गेल्या. लेक पातेलं घासत होती.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तू बरोबर होतीस."

"जाऊ दे गं. एवढं काय त्यात."

"तुला माहीत होतं?"

लेकीने पातेलं पालथं घातलं. "मला तेव्हा वाटलं, मलाच काहीतरी झालंय. मोठी झाल्यावर कळलं, पियानोच खाली होता म्हणून."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू तो किस्सा इतका रंगवून सांगायचीस," लेक म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून बाईंनी मागची रांग उरलेल्या पोरांसकट आठवायला घेतली. लेकीचं कारण तरी कळलं. बाकी तीनशे पोरांचं काय कारण होतं? कुणाला सर्दी असेल, कुणी लाजलं असेल, कुणाला आणखी दोनच महिने हवे असतील. दचकलेल्या चेहऱ्यांचं त्यांना एवढं वेड, आणि तीनशे चेहऱ्यांना दचकायची पाळीच येऊ दिली नव्हती. बाजारात जाणं त्यांनी बंद केलं. कुणी पाठ ताठ केली की हा मागच्या रांगेतला होता का, हेच त्या आठवत बसायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांना हवी होती आणि तिला मुदत होती. डावा कान आहे तोवर लेकीच्या तोंडून घुबडाचं गाणं ऐकायचं, खऱ्या पट्टीत. त्यांनी मागणं घातलं. "म्हणेन की," लेक म्हणाली. मग तिला खोकला झाला. मग कारखान्यात दोन पाळ्या लागल्या. बाई दर रविवारी विचारायच्या आणि लेक दर रविवारी म्हणायची, पुढच्या रविवारी. टाळतेय हे बाईंना दिसत होतं, पण त्यांनी कधी जोर केला नाही. जोर करायचा हक्क त्यांनी शाळेच्या सभागृहातच गमावला होता. मध्येच बाईंना आठवड्याचा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डावा कानही गेलेला होता. खिडकीखालून ट्रक गेला तर फक्त फरशी हादरायची.

वर्ग चालू राहिला. आता लेक पियानोशी बसून एका हाताने सूर द्यायची, दुसऱ्या हाताचा अंगठा दाखवायची आणि बाई पोरांपुढे उभ्या राहून हातवारे करायच्या. रांग एकच होती, पुढची. अंगठा खाली गेला तरी पोराला गाऊ द्यायच्या. पोरं तोंडं उघडायची आणि बाईंना ती सगळी, सगळीच्या सगळी, मागच्या रांगेतली दिसायची.

एका रविवारी सकाळी पोरं गेल्यावर लेक उठली नाही. तिने पाटीवर लिहून पाटी आईसमोर धरली: गाते.

बाई पियानोला टेकून उभ्या राहिल्या. लेकीने पट्टीला हात लावला नाही. तिला कशाला लागतोय पियानो. ती ताठ बसली, खांदे खाली सोडले, श्वास पोटात घेतला, सगळं शिकवल्याप्रमाणे. मग तिने डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. घुबड सकाळी उठलं, चष्मा कुठे दिसेना. बाईंना शब्दन् शब्द ओठांवर वाचता येत होता. श्वास नेमका जिथे घ्यायचा तिथे घेतला जात होता. ऐकू येत नसलं म्हणून काय झालं, लेक गातेय, आपल्या देखत गातेय. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी हात पुढे केला. थरथर तरी आपल्याला मिळेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. दोन बोटं त्यांनी लेकीच्या गळ्यावर ठेवली.

गळा थरथरत नव्हता.

बाईंनी बोटं थोडी सरकवली, शेचाळीस वर्षांच्या सवयीने नेमक्या जागी. तिथेही काही नाही. नुसता श्वास जात-येत होता. लेकीच्या कपाळावर घाम आला होता, मानेची शीर ताणलेली होती. ती फसवत नव्हती. ती जिवाच्या आकांताने गात होती आणि आवाज निघत नव्हता.

पहिलं कडवं संपलं. घुबड रानभर हिंडायला लागलं. अजून दोन कडवी होती. ती संपेपर्यंत बाईंनी बोटं काढली नाहीत.